डबा कोणता?

हुडकेश्वर, नागपूर
९ मार्च २०२५

ताई,

तुझा पत्ता गौरांगनं दिला, त्याच्यावर रागावू नकोस. आईच्या शोकवार्तेखाली माझा नंबर छापला होता, त्यावर त्यानं आपणहून फोन केला. तुम्ही चेन्नईत बसून नागपूरचा पेपर मोबाईलवर वाचता, हे मला तेव्हा कळलं. आता तो अधूनमधून फोन करतो. मराठी चांगलं बोलतो, ‘ळ’ तर आपल्यापेक्षा चांगला म्हणतो. परवा विचारत होता, "मावशी, सांबारवडी म्हणजे सांबारात बुडवलेला वडा ना?" मी म्हटलं, "अरे, आमच्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर." तो म्हणाला, "आई नेहमी सांगते, एकदा गाडीत खाल्ली होती, तशी पुन्हा कुठं मिळाली नाही."

म्हणजे तुला आपले प्रवास आठवतात. त्या एका वाक्याच्या जोरावर मी लिहायला बसले आहे. फोन करता आला असता. पण फोनवर मला काहीही पटकन सुचतं. लिहिताना हात थांबतो, आणि थांबलेल्या हातावर माझा जास्त भरवसा आहे.

मला सगळ्यात जास्त आठवतो तो अठ्ठ्याऐंशीचा हरिद्वारचा प्रवास. बाबांना टपाल खात्याकडून प्रवासाची सवलत मिळाली होती. तू बारा वर्षांची, मी नऊ. इटारसी आली की बाबा पाण्याची सुरई घेऊन उतरायचे आणि आई खिडकीचे गज दोन्ही हातांनी धरून बसायची, जणू तिनं धरलं की गाडी सुटणार नाही. "अहो, या ना आता." बाबा नळावरून ओरडायचे, "सुटली तर सुटली, इटारसीत काय मानसं राहत नाही का?" त्या वेळी आजूबाजूचे सगळे हसले होते आणि आई आमल्यापासून हरिद्वारपर्यंत त्यांच्याशी बोलली नव्हती. आमला इटारसीच्या अलीकडे येतं. म्हणजे मी काहीतरी चुकीचं आठवते आहे. इटारसीपासून असेल.

आणि धाराखोहचे बोगदे. तो खेळ तुझा होता. बोगद्यात शिरलं की अंधारात दोघींनी एकेक खरी गोष्ट सांगायची, उजेड यायच्या आत. बोगद्यात बोललेल्याबद्दल बाहेर आल्यावर रागवायचं नाही, हा नियमही तुझाच. तू सांगितलंस की माझी काचेची दऊत मांजरानं नाही, तू फोडली होतीस. मी काय सांगितलं ते आठवत नाही. बहुधा मी काहीच सांगितलं नाही आणि उजेड आला.

गौरांग म्हणाला, तू २४ एप्रिलला दिल्लीला जाते आहेस, त्याच्या नव्या घरी, दुपारच्या गाडीनं. ती गाडी नागपूरवरूनच जाते. नागपूर देशाच्या मधोमध, त्यामुळे आपले सगळे नातेवाईक कधी ना कधी या फलाटावरून गेलेच, आणि आईनं एकालाही उपाशी जाऊ दिलं नाही. "गाडी दहा मिनटं थांबते, तेवढ्यात मानूस पोटभर भेटते," म्हणायची. डबा घेऊन गाडीवर जाणं हा आपल्याकडे सणासारखा प्रकार होता. महिन्याभरानं कुणाच्या तरी हाती डबा परत यायचा, आत चिमूटभर साखर किंवा दोन खारका. रिकामा डबा परत करू नये, हे तिनं आपल्याला अक्षरओळखीच्या आधी शिकवलं.

म्हणून विचारते. मी त्या दिवशी गाडीवर येऊ का?

तू मागच्या वेळेबद्दल मनात धरून असशील. २००४ च्या एप्रिलमध्ये तू अशीच दिल्लीला चालली होतीस. जातीबाहेर लग्न करून तू गेलीस त्याला पाच वर्षं झाली होती, बाबांना जाऊन दोन. तू फोनवर म्हणालीस, "घरी येत नाही. आईला गाडीवर यायला जमेल का?" आणि आई चक्क हो म्हणाली. निघायच्या दिवशी ओट्यापाशी उभी राहून तिनं मला विचारलं, "डबा कोन्ता वं?" मी म्हटलं, "चार पुडांचा घे." "अवं, तो नाही. गाडीचा." मी म्हटलं, "एस नाईन."

तू एस वनमध्ये होतीस. तू बूथवरून बोलत होतीस, आवाज तुटत होता, वन आणि नाईन कानाला सारखेच लागतात. आईला वाटलं तू आली नाहीस, तुला वाटलं ती आली नाही. चूक माझ्या कानाची होती. एवढं तुला सांगायचं राहून गेलं होतं.

शामला


हुडकेश्वर
२३ मार्च २०२५

ताई,

तुझं उत्तर आलं नाही. ते यायच्या आत मला हे लिहायलाच हवं, नाहीतर तू त्या पहिल्या पत्राला उत्तर देशील आणि मला ते ठेवून घ्यावं लागेल.

मी कॉलेजात असल्यापासून रोजनिशी लिहिते, तुला माहीत आहे. तू कुलूप तोडून वाचलीही होतीस. पत्र टाकल्यावर मी २००४ ची वही काढली. खरं म्हणजे आधी काढायला हवी होती. आधी का काढली नाही, हा प्रश्न मी स्वतःला गेले दोन आठवडे विचारते आहे. उत्तर असं की वहीत काय आहे हे मला ठाऊक होतं.

उतरवून देते. "१२ एप्रिल, सोमवार. ताईचा फोन. शुक्रवारी दिल्लीला. मूल सोबत. एस-१, बर्थ १७, खिडकी." एकचा आकडा स्वच्छ आहे. खाली दोनदा रेघ ओढलेली आहे.

म्हणजे मला नीट ऐकू आलं होतं.

त्याच पानाच्या मागच्या बाजूला, दोन दिवस आधीचं: "अमरावतीचा नकार. कारण तेच." तेच म्हणजे तू. हा सहावा होता, आणि या मुलाशी मी दोनदा सीताबर्डीला भेटून बोलले होते, त्याच्या आईसाठी साडी निवडायला मदतसुद्धा केली होती. मग मध्यस्थाकडून निरोप आला: मोठीनं असं केलं म्हणजे घराचं वळणच तसं. हे मी सबब म्हणून लिहीत नाही. सबब म्हणून लिहीत नाही असं लिहिणं हीसुद्धा एक सबबच आहे, पण तारखा जवळजवळ आहेत आणि त्या तुझ्यापासून लपवणं बरोबर होणार नाही.

त्या आठवड्यात आई गुणगुणत होती. बाबा गेल्यापासून मी ते ऐकलं नव्हतं. मला नकार आला त्या दिवशी तिनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि तुझा फोन आला त्याच्या दुसऱ्या दिवशी गांधीबागेत जाऊन तुझ्या बाळासाठी मऊ मलमल आणली. शुक्रवारी पहाटेपासून तिनं सांबारवडी केली, तिखटमिठाच्या पुऱ्या, कैरीचा तक्कू. सगळ्यात वरच्या कप्प्यात पाण्यासारखी मऊ मुगाची खिचडी, वर तूप, बाळासाठी. निघायच्या अगदी आधी केली, गार होऊ नये म्हणून. मी बघत होते. पाच वर्षं पाहुण्यांसमोर मान खाली घालून मी बसले, आणि ते सगळं दहा मिनिटांत मिटणार होतं. तिघी रडणार, डबा देणार, संपलं. मला विचारणारसुद्धा कोणी नव्हतं.

तेव्हा तिनं विचारलं, डबा कोणता, आणि माझ्या तोंडून नाईन गेलं. मुद्दाम का, हे मी एकवीस वर्षं ठरवते आहे. शब्द निघाला तेव्हा मुद्दाम नसेलही. पण स्टेशनपर्यंत अर्धा तास ऑटो होता, ताई. अर्ध्या तासात मला तो परत घेता आला असता.

आम्ही वर्ध्याकडच्या टोकाला उभ्या राहिलो. एस वन इटारसीकडच्या टोकाला, इंजिनाजवळ. गाडी लागली तशी आई खिडक्याखिडक्यांशी वाकून "अदिती, अवं अदिती" करत फिरू लागली. गुडघा दुखत होता, तरी. मग मला म्हणाली, "तू जाऊन पाह्य ना वं पुढं." मी पुस्तकांच्या स्टॉलपर्यंत गेले आणि परत आले. म्हटलं, "दिसत नाही."

शिट्टी झाल्यावर तिनं एस नाईनच्या एका खिडकीतून डबा आत सारला. आत एक बाई होत्या. "माझी पोरगी हाय याच डब्यात, अदिती नाव, कडेवर लेकरू हाय, तिले देजा." गाडी सुटली. आई रिकाम्या पिशवीकडे पाहत म्हणाली, "पोचला असन तर येईन डबा."

शामला


हुडकेश्वर
६ एप्रिल २०२५

ताई,

मागच्या पत्रात मी लिहिलं की स्टॉलपर्यंत गेले आणि परत आले. ते खरं आहे. पण तेवढंच लिहिलं की ते खोटं होतं.

स्टॉलपासून तुझं दार दिसत होतं. तू पिवळा ड्रेस घातला होतास. कडेवर गौरांग, त्याच्या डोक्याला झबल्याची टोपी, ती तो सारखी काढत होता आणि तू सारखी घालत होतीस. तू आमच्या दिशेला नाही, जिन्याकडे बघत होतीस, कारण आई जिन्यावरून उतरेल असं तुला वाटत असणार. मी साधारण एक मिनिट उभी होते. तू ओठ चावत होतीस, दहावीच्या निकालाच्या वेळी चावत होतीस तसे. मग मी वळले.

अजून एक आहे. तू त्या रविवारी दिल्लीहून फोन केलास. आई आत देवापाशी बसली होती. तू विचारलंस, "शामला, आई आली होती का गं स्टेशनवर?" मी म्हटलं, "नाही."

तू म्हणालीस, "बरं." आणि ठेवून दिलास. आईनं विचारलं, "कोनाचा होता?" मी म्हटलं, "राँग नंबर."

त्यानंतर आईनं तुला का शोधलं नाही, असं तुला वाटत असेल. ती म्हणायची, "मी डबा घेऊन गेली होती. आता पुढचं तिनं करावं." तिच्या हिशेबी डबा गेला की बोलणं झालं, आता परतीचा डबा तुझ्याकडून यायचा. काही वर्षं ती चार पुडांच्या डब्याची फळीवरची जागा मोकळी ठेवत असे. मी एकदा तिथं बरणी ठेवली तर तिनं ती उचलून खाली ठेवली. त्या डब्याला तिच्या लग्नातलं नाव घातलेलं होतं, ठिपक्याठिपक्यांनी, म्हणून ती म्हणायची, "नाव हाय त्याच्यावर, हरवन कसा?"

मागच्या डिसेंबरात दवाखान्यात शेवटच्या आठवड्यात तिला माणसं ओळखू येत नव्हती, पण एका दुपारी नीट शुद्धीवर होती. खिडकीतून कुठल्या तरी गाडीचा भोंगा ऐकू आला. म्हणाली, "शामे, तो डबा काही परत आला नाही." मी तिचा हात धरून बसले होते. बोगद्यात शिरल्यासारखं वाटलं मला. आता सांगायचं, उजेड यायच्या आत. मी म्हटलं, "येईल." ती म्हणाली, "काहून नसन आला वं?" मी म्हटलं, "थोडं पाणी देऊ का?"

तिला सांगितलं नाही ते तुला सांगते आहे, याचं मला काही बरं वाटत नाही. तू दुसरी आहेस. पहिली राहिली नाही.

तो बोगद्याचा नियम इथं धरू नकोस. रागवायचं ते रागव. पण २४ तारखेचा डब्याचा नंबर कळव. मी बघून जाईन, एवढंच.

शामला


हुडकेश्वर
२५ एप्रिल २०२५

ताई,

तू आज पोचली असशील. माझ्यासमोर तुझं कार्ड आहे. "२४ एप्रिल. बी २. दोन. अंकात आणि अक्षरात लिहिते आहे, म्हणजे ऐकण्यात चूक होणार नाही. काही करून आणू नकोस. डबा माझ्याकडे आहे." मला वाटलं, सोबत खायला आहे असं तू म्हणतेस. म्हणून मी रिकाम्या हातानं आले. गाडीवर रिकाम्या हातानं जाण्याची माझी ही पहिलीच वेळ, हात कुठं ठेवावे कळत नव्हतं.

तू दारात उभी होतीस. केस सगळे पांढरे, आणि रंगवलेले नाहीत. कालचं बोलणं मी उतरवून ठेवते आहे, कारण माझी आठवण कशी वागते हे आपण दोघींनी पाहिलं आहे. कुठं चुकलं असेल तर दुरुस्त कर.

तू खाली उतरली नाहीस. कापडी पिशवी पुढं केलीस. मी आत पाहिलं, आणि नाव वाचलं. सौ. यमुना. ठिपके झिजले आहेत, पण वाचता येतात.

मी म्हटलं, "हा तुला मिळाला होता."

"एका बाईंनी आणून दिला. गाडी सुटल्यावर सगळ्या डब्यांतून ‘अदिती कौन है, अदिती कौन है’ करत आल्या. घामाघूम झाल्या होत्या."

"मग तुला माहीत होतं आई आली होती."

"खिचडी कोमट होती, शामला."

मागून कोणीतरी बॅग घेऊन उतरत होतं, तू बाजूला झालीस आणि परत दारात आलीस. मग म्हणालीस, "मी फोन केला तो विचारायला नाही. तिला बोलाव म्हणायला केला होता. सुरुवात म्हणून विचारलं. तू नाही म्हणालीस. मला वाटलं, तिनंच तुला तसं सांगायला लावलं. म्हणजे डबा दिला, कर्तव्य केलं, आणि माझं तोंड बघायला नको म्हणून दुसऱ्याच डब्यात देऊन गेली."

"एकवीस वर्षं?"

"मग काय समजायचं होतं मी?"

तू माझ्याकडे बघत होतीस. इतकी वर्षं बाहेर राहून तुझी भाषा पुस्तकातल्यासारखी झाली आहे, पण तेवढं एक वाक्य आईच्या तोंडचं आलं. "काहून केलं वं असं?"

त्याचं उत्तर मी पत्रात लिहिलं होतं, अमरावती, सहावा नकार, सगळं. फलाटावर त्यातलं एकही तोंडातून निघेना. उभ्यानं सांगण्याजोगं ते नव्हतंच. लिहिण्यापुरतंच होतं.

शिट्टी झाली. गाडी हलली तेव्हा तुझा आवाज बदलला. तू म्हणालीस, "गौरांगनं सगळी खिचडी खाल्ली होती, बोटं चाटून. आईला सांग," आणि थांबलीस. सवयीनं आलं असेल. मग तू आत गेलीस.

फलाट रिकामा झाल्यावरही मी पिशवी धरून बसले होते. घरी येऊन डबा ओट्यावर ठेवला आणि चारही कप्पे उघडले. घासून पुसून लख्ख. वरचा रिकामा, दुसरा रिकामा, तिसरा, चौथा. खाली बोट फिरवून पाहिलं. साखरेचा कणही नव्हता.

तू विसरणं शक्य नाही. आईनं दोघींना एकदमच शिकवलं होतं.

आई म्हणायची की रिकामा डबा देणाऱ्याला तो भरून परत हवा असतो.

नाही. आई असं कधी म्हणाली नव्हती. हे मी आत्ता बनवलं. खोडत नाही, तुला दिसावं म्हणून तसंच राहू देते.

गौरांग म्हणतो, दहा मेला तू याच गाडीनं परत जाशील. मी सांबारवडी आणेन. आईसारखी होत नाही, वरून जाड होते. डब्याचा नंबर मी या वेळी विचारणार नाही. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत जाईन, प्रत्येक दारात बघत. तू नाही दिसलीस तर डबा घेऊन घरी येईन, कुणाच्या हाती देणार नाही. मी काल गाडी गेल्यावर चालून पाहिलं, घड्याळ लावून. दहा मिनिटं पुरतात.

तेव्हाही पुरली असती.

शामला